मी अकरा वेळा जळालो त्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा षडंग नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण आठांपैकी दोन्ही गुडघे सध्या सेवेत नाहीत, कारण पुढे येईल.) तुझी कंबर कशी आहे हे विचारत नाही. 'मला काय धाड भरली आहे' असं तू कळवणार आणि खरं काय ते शेजारीण कळवणार, म्हणून थेट तिलाच विचारलं आहे.

छकुलीने बँकेतली खुर्ची सोडून अग्निशमन दलात नाव घातलं त्याला आठ महिने झाले, आणि तू लेकीशी बोलत नाहीस त्यालाही. ती माझ्याकडे राहते आणि तुझं तिच्याशी बोलणं माझ्यामार्फत चालतं ('तिला म्हणावं, वेळेवर जेव'), इथवर ठीक होतं. पण तू मला हेर नेमलंस. हे काम तिला झेपत नाही असा एक पुरावा आण, मी स्वतः येऊन तिला घेऊन जाते, अशी तुझी आज्ञा. तो पुरावा हाती येता येता कसा निसटला, त्याचा हा अहवाल.

दलाच्या ठाण्यामागे एक रिकामं दालन आहे. फरशीवर पिवळ्या पट्ट्या, भिंतीवर मोठा पडदा, बाकी काही नाही. उमेदवाराच्या डोळ्यांवर एक ठोकळा बांधतात, अंगात गरम होणारं जाकीट चढवतात, आणि त्या मोकळ्या जागेत त्याला पेटलेलं घर दिसू लागतं. बाकीचे पडद्यावर बघतात. याला आभासी वास्तव म्हणतात. (आभास आणि वास्तव यांची फारकत करण्यात आमच्या शास्त्रकारांची हयात गेली, इथे दोघांचा संसार थाटून दिला आहे.) घरच्यांसाठी दालन उघडलं त्या दिवशी मलाही म्हणाले, बघा घालून. दोरीवर साप भासतो, तो खोटा आहे हे कळलं की भय जातं, असं मी पंचवीस वर्षं वर्गात शिकवत आलो. ताई, जात नाही. आग खोटी आहे हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असतानाच मी रांगत पट्ट्या ओलांडल्या, उंबरा ओलांडला आणि व्हरांड्यातल्या चहाच्या टेबलाखाली जाऊन बसलो. दोघं जण 'काका, थांबा' म्हणत मागून येत होते. धुरात खालून सरकायचं असतं, हे यांनी न शिकवता केलं, असं प्रशिक्षकबाई म्हणाल्या. (गुडघ्यांचा हिशेब इथे मिटला.)

या प्रशिक्षकबाई उंच, मितभाषी, तीस वर्षं आगीत काढलेल्या. त्यांची तक्रार अशी की संगणकातली माणसं फार आज्ञाधारक. 'चला' म्हटलं की चालतात. खऱ्या घरात माणूस वाद घालतो, चष्मा शोधतो, आधी गॅसवरचं दूध बघून येतो. म्हणून त्यांना एक अस्सल, कोणाचंही न ऐकणारा माणूस हवा होता. छकुलीने क्षणाचाही विचार न करता माझं नाव सुचवलं. तीन तास बसून मी माझी नेहमीची वाक्यं ध्वनिमुद्रित केली: 'एवढं पान संपवतो', 'तुम्ही कोणत्या अधिकारात सांगता', 'दार लोटून घ्या, धूर येतो'. समोरचा काय म्हणतो ते ऐकून संगणकावरची मुलगी त्यातलं नेमकं वाक्य लावते. शेवटी बाईंनी विचारलं, तुम्हाला उठवायचं तरी कशाने? मी बराच वेळ विचार करून एकच उपाय त्यांच्या कानात सांगितला. तो ज्याला सापडेल त्याच्याच मागे पडद्यावरचा मी उठणार, असं ठरलं. उमेदवारांना पत्ता नाही.

ताई, मी अकरा वेळा जळालो. कोणी नियम वाचून दाखवले, कोणी दंडाला धरलं (मी अधिकारपत्र मागितलं). एकाने माझ्याशी इतकी रंगून चर्चा केली की आम्ही दोघंही गेलो. आणि या अकरांतल्या दोन वेळा मला तुझ्या लेकीने जाळलं. पहिल्यांदा तिने युक्तिवाद केला, ज्यात मला हरवणं शक्य नाही. दुसऱ्यांदा 'मामा, ऐका ना हो' म्हणत रडली, आणि मी पान उलटलं. तीनच संधी असतात. तिसरी हुकली की दलाचा निरोप आणि पुन्हा बँक. त्या दिवशी ती घरी आली ती थेट भांडी घासून झोपली. तुझा पुरावा तयार होता. मी तुला लिहायला कागदही घेतला. मायना लिहून थांबलो.

तिसरी फेरी परवा झाली. मी पडद्यासमोर बसलो होतो, बाई माझ्या शेजारी उभ्या. छकुली खालून सरकत आली, हाताच्या पाठीने दार चाचपलं, आत शिरली. पडद्यावरचा मी म्हणालो, एवढं पान संपवतो. तिने टेबलावरचा एक जाडजूड शब्दकोश उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. 'मामा, हे धरा. जड आहे, मला एकटीला जमत नाही.' आणि पाठ फिरवून चालू लागली, मागे न बघता. पडद्यावरचा मी उठलो, कोश छातीशी धरून तिच्या मागोमाग बाहेर आलो.

आठवतं तुला? शाळेला जायचं नाही म्हणून मी पलंगाखाली बसायचो तेव्हा तू कधी समजूत घातली नाहीस. स्वतःचं दप्तर माझ्या हातात द्यायचीस, जड आहे म्हणायचीस आणि चालू लागायचीस. बाईंच्या कानात सांगितलं होतं ते हेच. छकुलीला कसं कळलं, म्हणून तिला नळावर तोंड धुताना गाठलं. म्हणाली, 'आई अजून तुम्हाला असंच उठवते, मामा. दाताच्या डॉक्टरकडे तुम्हाला शिलाई मशीन धरायला लावून नेलं होतं, विसरलात?' विसरलो नव्हतो. शिलाई मशीन खरंच बिघडलं होतं असा माझा आजवर समज होता.

बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. (त्यांच्याकडून इतकी वाचाळता कोणी पाहिली नव्हती.) ताई, ती पडद्यावर वळून चालू लागली तेव्हा खांदे तुझे होते. मी चष्मा पुसला. दालनात धूर नव्हता, त्यामुळे सबब सांगता आली नाही. शिवाय माझा हट्ट आता दुसऱ्या ठाण्यांतही शिकवणार आहेत. तुम्ही सगळे ज्याला खोड म्हणत आलात, तो अभ्यासक्रम निघाला.

तुझा धाकटा (आणि बडतर्फ हेर)

ता. क. : रविवारी सकाळी दहा वाजता ठाण्याच्या अंगणात तिला बिल्ला मिळणार आहे. तुला बोलवायचं का, असं विचारलं तर 'येणार नाही ती' म्हणाली आणि पुढच्या रांगेतल्या एका खुर्चीवर स्वतःचा रुमाल टाकून आली.

ता. क. २ : बाईंना आणखी एक आवाज हवा आहे. पाय मोडलेला असताना 'मला काही झालेलं नाही' म्हणणारी बाई. मी कोणाचंही नाव सुचवलेलं नाही. फक्त तुझा पत्ता दिला आहे.

ता. क. ३ : पत्रासोबत एक खोकं मिळेल. त्यात छकुलीचे समारंभाचे बूट आहेत. ते तुझ्याकडे कसे आले, असं विचारू नकोस. रविवारी नऊपर्यंत तिच्या पायात हवेत, आणि दुसरा जोड नाही. येताना घेऊन ये. जड आहेत, मला एकट्याला जमत नाही.