साहेबांचं आवतन

१० ऑगस्ट, रविवार
साहेब आज दिवाणाखालून बाहेर आले नाहीत. सकाळी पोतं बदलायला वाकलो तर मागचे दोन्ही पाय एका अंगाला पडलेले. उचलून सरळ बसवलं, परत कलंडले. दहावं वर्ष. सशाचं दहावं म्हणजे माणसाचं ऐंशीच्या पुढे, असं मिनू पुण्याहून सांगते. मोबाइलवर वाचते आणि बापाला ऐकवते.
हरळी तशीच पडून. गाजर हुंगलं आणि तोंड फिरवलं.
संध्याकाळी वाटलं, आज दिवसभरात आपण कोणाशी एक शब्द बोललो नाही. मग लक्षात आलं, बोललो की भरपूर. सगळं साहेबांशीच.

१२ ऑगस्ट, मंगळवार
मागच्या घरातल्या शेवंताबाई घोळीची भाजी घेऊन आल्या. तांड्यावरच्या त्यांच्या शेतातली. फवारणी नसलेल्या धुऱ्यावरची, बांधावरची आहे, हे न विचारता दरवेळी सांगतात. साहेबांनी एक काडी तोंडात धरली. चावली नाही.
"बाबूजी, याले नजर तं नाही लागली कोनाची?"
म्हटलं, "या घरात येतं कोण नजर लावायला?"
बाई हसल्या. मग म्हणाल्या, "मी येतो न." खरं आहे.

साहेब हे नाव बायकोने, सुमनने ठेवलेलं. तेव्हा मी कोर्टात नाझर. दिवसभर हो साहेब, आलो साहेब. घाटंजीच्या बाजारातून मिनूसाठी हा जीव आणला, शर्टाच्या खिशात मावेल एवढा. सुमन म्हणाली, "एक साहेब घरीबी असू द्या. रिटायर झाल्यावर तुमाले करमन कसं?" मिनू नोकरीला लागली, गेली. सुमन गेली ती गेलीच. साहेब राहिले. तोंडावर मी अजून अहो-जाहो करतो. लोकांना हसायचं तर हसोत.

१४ ऑगस्ट, गुरुवार
जनावरांचा दवाखाना. भाजीच्या टोपलीत जुना टॉवेल घालून नेलं. रांगेत एक गोऱ्हा, दोन गाई, बाकी शेळ्या. एकजण टोपलीत डोकावून म्हणाला, "काका, येवढुशाचा कायले इलाज करून राह्यले? रस्सा होते याचा."
टोपली मांडीवर ओढून घेतली. कोर्टात तेवढं शिकलो. मूर्खाला उत्तर द्यायचं नसतं, पुढची तारीख द्यायची असते.
डॉक्टर तरुण आहेत. हात हलका. दात पाहिले, पोट चाचपलं, मागचे पाय चिमटून पाहिले. साहेबांनी पाय ओढला नाही. म्हणाले, "काका, मागचा भाग गेला आहे. औषध देतो, पण हे नुसतं दिवस ढकलणं आहे. त्याला त्रास नको असेल तर एक इंजेक्शन देता येतं. झोपेतच..."
पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. मीही करू दिलं नाही. विचार करून सांगतो म्हटलं आणि टोपली उचलली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदनाला कोर्टात. दरवर्षी जातो. नव्या लोकांत ओळखणारं कोणी उरलं नाही. शिपाई म्हणाला, "काका, थोडं तिकडं सरका, साहेब येऊन राह्यले." सरकलो. चिवडा-पेढ्याची पुडी मिळाली ती घेऊन घरी.
आमच्या साहेबांना हे सगळं सांगितलं. पूर्वी मी बोलायला लागलो की एक कान वळायचा. आज वळला नाही.
टीव्ही लावून ठेवला. पाहिला नाही. घरात आवाज असावा म्हणून.

१८ ऑगस्ट, सोमवार
पोटाखालचे केस लघवीने चिकटतात. कोमट पाणी, मऊ फडकं, मग खोबरेल. खालची कातडी लाल झाली आहे. आज हात लावला तर दात कराकरा वाजवले. दुखतं त्याला. हे लिहायला नको वाटतं, पण दुखतं.
मिनूचा फोन. सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, राग नका मानू. तुम्ही त्याला त्याच्यासाठी ठेवून राह्यले की तुमच्यासाठी?"
राग आला. फोन ठेवून दिला. दुपारभर तेच डोक्यात.
माझ्यासाठी. दुसरं कोणासाठी ठेवणार? तो गेला की या घरात मीच उरतो.
चारला डॉक्टरांना इंजेक्शनसाठी फोन केला. शुक्रवारी पोळा, ते दिवसभर खेड्यांवर. म्हणाले, "शनिवारी सकाळी आणा, गर्दी नसते." बरं म्हटलं. मिनूला तेवढंच कळवलं. तिकडून रडण्याचा आवाज. सशासाठी हट्ट धरला होता तेव्हा असंच रडत होती. गप्प कसं करायचं ते तेव्हाही सुमनलाच जमायचं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
मंगळवारपासून पोटात काही नाही. पालकाचा रस ड्रॉपरने घातला, हनुवटीवरून ओघळला.
दिवेलागणीला शेवंताबाई आल्या. तांड्यावर पोळ्याच्या आदल्या दिवशीची बैलांची खांदशेकणी करून आलेल्या, वाटीत उरलेलं हळद-लोणी. "तुमच्या मातीच्या बैलाईले लावा." सुमन मातीची जोडी मांडायची, शेजारी साहेबांना बसवायची आणि तिघांच्याही खांद्याला लावायची. ती गेल्यापासून मी पोळा केलाच नाही. बैलही आणलेले नाहीत. वाटी हातात होती म्हणून साहेबांजवळ बसलो. खांदा कसला, नुसती हाडं. बोटाने लावत गेलो. साहेबांनी डोळे मिटले, पहिल्यांदाच या आठवड्यात दात वाजवले नाहीत. आणि खांदशेकणीला बैलांना म्हणतात ते तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."
शेवंताबाई दारातच होत्या. शनिवारचं त्यांना माहीत आहे.
"बाबूजी, आवतन देलं तुमी?"
"असंच. म्हणायची रीत म्हणून."
"असंच नसते देत. आता जेवल्याबिगर कसा धाडान त्याले?"
हसण्यावारी न्यायला गेलो. त्या हसल्या नाहीत.
काहून बोललो मी? ज्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही त्याला जेवायचं आवतन. आणि या घरातून आवतनाचा माणूस उपाशी गेलेला नाही. सुमन असती तर म्हणाली असती, भोगा आता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
सकाळी बाजारातून कोथिंबीर, पालक, केळं. घोळ शेवंताबाईंची. स्टीलचं ताट घासून दिवाणाजवळ मांडलं. साहेबांना टॉवेलच्या गुंडाळीचा टेका देऊन बसवलं. मलाच हसू आलं. पण ताट उचललं नाही.
दुपारी शेवंताबाईंकडून पुरणपोळी, कढी, वडे. पाहुण्याआधी यजमान कसा जेवणार? ताट झाकून ठेवलं. एक वाजला, दोन वाजले. साहेब मान खाली घालून बसलेले. मी भिंतीला टेकून. "घ्या ना साहेब. थोडंसं." डॉक्टर, मिनू, शनिवार, सगळं सांगून टाकलं त्यांना. कोणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, नाझरबाबू कामातून गेले.
उन्हं कलल्यावर रस्त्याने बैल निघाले. घुंगरं, ढोल. साहेबांचे कान उभे झाले. दोन्ही. कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली. हुंगली. मग ओठ हलले आणि पान आत गेलं. अर्धा देठही गेला. चावताना गालाची ती जुनी लगबग, थोडाच वेळ.
एक पान. मी रडलो. पदर नव्हता कोणाचा, त्याच टॉवेलला डोळे पुसले. मग गार पोळी खाल्ली.

मिनूला फोन. "जेवला गं." ती ओरडलीच. "म्हणजे बरं वाटून राह्यलं त्याला! बाबा, उद्या नका नेऊ. अजून थोडे दिवस पाहू."
ताट परत द्यायला गेलो. शेवंताबाई म्हणाल्या, "जेवले न पाव्हने? चांगलं झालं. आता सुखानं जाऊ द्या."
पान तेच. दोघींनी दोन निकाल दिले.

२३ ऑगस्ट, शनिवार, सकाळ
कोथिंबीर समोर धरली. नाही. घोळ, नाही. ओल्या बोटाने ओठांना पाणी लावलं, जीभ आली एकदा. श्वास भरभर. परवाची हळद खांद्यावर तशीच.
दोघींचंही बरोबर वाटतं. एक पान खाल्लं म्हणजे जगायचं आहे. एक पान खाल्लं म्हणजे माझा शब्द राखला, आता मोकळं करा. त्यालाच विचारलं. त्याने माझ्या मनगटावर हनुवटी टेकवली. ती तो नेहमीच टेकवतो.
दवाखान्यात जाणार एवढं नक्की. डॉक्टर विचारतील, काय ठरलं काका? तेव्हा तोंडातून काय निघेल ते मला आत्ता माहीत नाही. टोपलीत टॉवेल घातला. कडेला घोळीच्या चार काड्या ठेवल्या. कशाला ठेवल्या, तेही माहीत नाही.
ऑटो आला. साहेब टोपलीत, माझ्या पायाशी. मी उभ्याउभ्या लिहितोय आणि बाहेर हॉर्न वाजतोय. रोज घर सोडताना दिवाणाकडे पाहून म्हणतो, "येतो साहेब." आता कुलूप हातात आहे, आणि येतो म्हणायला आत कोणी नाही.