मी तपासलेलं तुझं काम

दि. ९ जून

प्रिय बारके,

आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. तिने शिवणयंत्र तुझ्या खोलीत हलवलंय, म्हणजे तू परत येणार नाहीस असं तिने धरलंय. दवाखान्यात तुझ्या टेबलावर अजून कुणी बसत नाही.

तू नोकरीला लागलीस तेव्हा मी तिथे सात वर्षं जुनी होते. संगणकात दुबार साठलेले एक्स-रे आपोआप पुसणारी स्क्रिप्ट मीच लिहिलेली. पहिल्याच महिन्यात तू म्हणालीस, "ताई, ही न विचारता पुसते गं. आधी नुसती यादी दाखवू दे, मग 'पुसू का?' विचारू दे."

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हे इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही?"

मी हसले. सायकलही मी आठवडाभर पडत-धडपडत शिकले होते. तू एका दुपारीत हात सोडून चालवलीस.

तुझं काम तपासायला माझ्याकडेच आलं. यादी चोख होती. पण प्रत्यक्ष पुसायचं काम माझ्या स्क्रिप्टमधला एक आतला, जुना तुकडा करायचा, आणि 'ही फक्त तालीम आहे, खरं पुसू नकोस' हा निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. तालीम म्हणून चालवलं तरी एक्स-रे खरेच जाणार होते.

ते मला दिसलं होतं.

मी "ठीक आहे" असा शेरा मारला. वाटलं, तुझी जराशी फजिती होईल, एवढंच. आदल्या दिवशी सगळ्या साठ्याची प्रतसुद्धा काढून ठेवली. सोमवारी दाखवण्यापुरते दुबार नसलेले एक्स-रेही यादीत घेऊन, "बघा, काहीच पुसलं जाणार नाही" म्हणत तू बटण दाबलंस आणि अकराशे एक्स-रे गेले. मी ते संध्याकाळपर्यंत परत आणले. सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलं. तू बाथरूममध्ये रडत होतीस. मी दाराबाहेर उभी राहिले, आत आले नाही.

त्या दिवशी एका आजोबांचा एक्स-रेच सापडेना, त्यांचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. तेच मनाला लावून घेऊन तू राजीनामा दिलास.

आज दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. नक्कल सोबत आहे. कुणी विचारलं तर दाखव. माझी नोकरी राहीलसं वाटत नाही.

माफी कोणत्या तोंडाने मागू? परवा तुला नवी नोकरी लागल्याचं आईने सांगितलं, आणि बारके, माझ्या पोटात पुन्हा दुखलं.

अजूनही तुझ्यावर जळणारी,
ताई