प्रतिभानं मशीनला कुंकू लावलं

न्हावरे,
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

ती. आबांना मल्हारचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? खंडोबाच्या कृपेनं इकडची सगळी माणसं सुखरूप आहेत. बाजरी घरात आली. तुमची नात राजश्री आता मलाच पाढे विचारते.

फोनवर तुमचा आवाज चढला की माझं बोलणं अडतं, म्हणून लिहितोय. माझा धाकटा भाऊ गेल्यापासून तुम्हाला लेकीची काळजी लागली आहे, ती खरीच. पण तुमचा प्रश्न असा, की निराधारचा पगार चालू असताना प्रतिभानं सणसवाडीला फोर्कलिफ्ट शिकायचं खूळ कशाला घ्यावं? निराधार बायकांसाठी फुकट वर्ग आहे, एवढंच मी सांगत आलो. आता पाहिलेलं सांगतो.

खंडेनवमीला तिथं मशीनांची पूजा होती, मीही गेलो होतो. जो ज्या मशीनवर शिकला, त्यानंच त्या मशीनची पूजा करायची. प्रतिभानं मशीन धुतलं, झेंडूचा हार घातला, आणि कुंकवाची वेळ आली तशी थांबली. वर्गातलीच कुशाबाई हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. आपल्या हातचं कुंकू नगं. तुझ्या दिरांना लावू दे." प्रतिभानं खाली मान घालून ताट माझ्यापुढं केलं.

मी घेतलंही. घरची तळी मीच उचलतो, हात आपोआप पुढं गेला.

तेवढ्यात शिकवणारे भिमा मिस्त्री ओरडले, "ओ दादा, उद्या माल तुम्ही उचलणार का?"

"न्हाई बा. मला बैलगाडी येती."

"मंग ताट द्या की जिचं तिला!"

सगळे हसले. मी उभ्या उभ्या देवाला विचारलं. देव नको म्हणाला नाही. ताट परत देऊन म्हणालो, "लाव पोरी. मशीन तुझंय." तिनं दोन्ही लोखंडी पात्यांना कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि वर चढून बसली. लिंबू फुटलं. पोत्यांची थप्पी उचलून तिनं मशीन असं वळवलं, की कुशाबाईच म्हणाली, "आण गं ते ताट हिकडं!"

आबा, मघापासून टाळतोय ते आता लिहितो. प्रतिभाला तिथल्याच एका गोदामात काम लागलं. तहसीलला जाऊन 'माझा निराधारचा पगार बंद करा' असं तिनं स्वतः लिहून दिलं. कायम होईपर्यंत राहू दे, असं मी म्हणून पाहिलं. म्हणाली, "दादा, कमवती झाल्यावर त्यो घ्यायचा म्हंजी दुसऱ्या बाईच्या ताटातलं घ्यायचं."

काल सणसवाडीला तिच्या नव्या खोलीत सामान लावून आलो. राजश्रीचं नाव तिथल्या शाळेत घातलं. संध्याकाळच्या आरतीला घंटा वाजवायला आता आमच्याकडं कोणी नाही. एवढं सोडलं तर मला यात काहीच वाईट दिसत नाही.

रविवारी तिला माहेरी वरवंडला न्यायला गाडी घेऊन येणार म्हणालात. न्हावऱ्याला येऊ नका, सणसवाडीला जा. जे सांगायचं ते तिच्या दारात, तिलाच सांगा. मी सोबत येणार नाही. मी असलो तर ती उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघेल. तिनं तुमच्याकडं बघून बोलावं.

ती काहीही म्हणाली तरी चहा घेऊनच उठा.

तुमच्या रागाचा धनी, पण तिच्याच बाजूचा,
मल्हार