फाट्यावरचा खांब

१९ सप्टेंबर, बुधवार, दुपार
खिंडीच्या अलीकडचा मुक्काम

ती. दादास,

वाकून नमस्कार. शाळेत शिकवलेला लांबलचक मायना लिहायला घेतला होता, पण "कुठल्या साहेबाला लिहितेयस?" असं तू म्हणशील म्हणून खोडला. मी बरी आहे. घोट्याची सूज उतरली. तू, वहिनी, चिमणी बरे असाल असं धरून चालते. आईला सांग, लोकरीचे मोजे रोज घालते. (फक्त आज नाही घातले, ओले आहेत.)

हे पत्र तू एकट्याने वाच. तुला वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढते आहे आणि ओळी सुट्या ठेवते आहे. वहिनीपुढे मोठ्याने वाचू नकोस. का ते पुढे येईल.

इथे फोनला रेंज नाही. पेट्रोल घेऊन आलेला ट्रक चार वाजता खाली जाणार आहे, ड्रायव्हर पत्र न्यायला तयार आहे. पुढे दरड पडली आहे, रस्ता उद्या सकाळी उघडेल म्हणतात. म्हणून आज टूरच्या मोटरसायकलींना आणि माणसांना सुट्टी. पाहुण्यांपैकी दातांचे डॉक्टर सकाळपासून गाडी पुसताहेत. दोघे साडू कालपासून एकमेकांशी बोलत नाहीत. चढावर कोणाची गाडी आधी दमली यावरून वाद झाला. एकाला चहा हवा असला की तो मला सांगतो, "ताई, त्यांना विचारा, किटली रिकामी आहे का." किटली त्या दोघांच्या मध्येच असते.

ट्रकवाल्याबरोबर काकांचा निरोप आला. आपल्या चष्मेवाल्या काकांचा. पायात सळई घातली आहे. महिन्याभरात चालतील, पण मोटरसायकलचं नाव काढू नका असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. साठीनंतर गाडी शिकले होते ते, या डोंगरात यायचं म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाडी शिकल्याचं सर्टिफिकेट दाखवलं होतं, लॅमिनेट केलेलं. त्यांचा कोणावर राग नाही असंही निरोपात आहे. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

तू गेलास त्या दिवसापासून उस्तादांनी मला तुझ्या जागी टाकलं आहे. मी आता शेपूट, उस्ताद सगळ्यांच्या पुढे आणि मी सगळ्यांच्या मागे. तुझीच गाडी चालवते, तुझी पान्यांची पेटी मागे बांधली आहे. दिवसभर सगळ्यांची धूळ खाते. बारा वर्षं तू हे कसं केलंस कोण जाणे. पुढून डोंगर दिसतात, मागून पाठी दिसतात. शिवाय मला सारखं वाटतं की माझ्याही मागे कोणीतरी राहिलं आहे. परवा दोनदा मागे जाऊन बघून आले. कोणी नव्हतं, असणारच कसं? उस्ताद म्हणाले, "असंच चाललं तर आपण पुढच्या वर्षी पोचू."

एक गोष्ट मात्र मागूनच दिसते. फाटा आला की तिथे एक माणूस उभा असतो. उस्ताद पहिल्या दिवशी पाहुण्यांना दटावतात ना, "माझ्या मागचा माणूस फाट्यावर थांबेल. तो खांब. त्याने प्रत्येकाला वाट दाखवायची आणि शेपूट येऊन मान हलवेपर्यंत जागचं हलायचं नाही. पाऊस आला तरी नाही." ते मी तीन टूर ऐकते आहे. पण खांब लांबून कसा दिसतो ते कधी पाहिलं नव्हतं. आधी एक ठिपका दिसतो. मग कळतं की तो आपलीच वाट बघतो आहे.

सोमवारी धाकट्या साडूंचं चाक पंक्चर झालं. मला काढायला वेळ लागला. तुला दहा मिनिटं लागली असती, मला सव्वा तास लागला. मध्येच पाऊस, मग गारा. फाट्यावर पोचलो तर दातांचे डॉक्टर उभे. ओठ निळे पडलेले, एक हात वाटेकडे तसाच धरलेला. पन्नास पावलांवर रस्ता बांधणाऱ्यांची पत्र्याची शेड होती, आत शेकोटी पेटलेली दिसत होती. मी म्हटलं, "अहो, तिथे जायचं ना!"

ते म्हणाले, "हललो नाही हं ताई! काकांचं झालं तसं पुन्हा नको."

मी मान हलवली. नियमाने हलवायचीच होती. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

आता त्या दिवसाबद्दल. सकाळपासून तीन कागद फाडले आहेत.

नोंदवहीत त्या दिवशीचं पान असं आहे : "शेपटाने एक पाहुणा मागे असताना खांब उठवला. पाहुणा नंतर रिकाम्या फाट्यावर आला, सरळ गेला, तुटलेल्या पुलापाशी पडला. चूक शेपटाची." अक्षर माझं आहे. उस्ताद सांगत होते, मी लिहीत होते, आणि तू पाच हातांवर साखळी ताणत बसला होतास, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल चाललं आहे. टूर संपली की येत्या शनिवारी वही ऑफिसात जाते आणि कोणाचं गाईडचं कार्ड ठेवायचं, कोणाचं काढायचं ते तिच्यावरून ठरतं. ऑफिसातली माझी जागा पक्की होणार की नाही, तेही शनिवारीच. हे तुला माहीत होतं. म्हणून तर सकाळी ट्रकमध्ये चढताना तू म्हणालास, "तू गप्प बस. मी काय, कुठेही पाने फिरवीन. तुझं नाव कागदावर एकदा खराब झालं की संपलं."

मी गप्प बसले. पाच दिवस बसले.

खांब मी होते. तू मला उठवलं नव्हतंस. मी आधीच उठले होते.

दादा, तुला हे लिहायची लाज वाटते, पण लिहायलाच हवं. सकाळपासून मी कुठेच थांबले नव्हते. पुरुषांचं सोपं असतं, गाडी उभी केली, पाठ फिरवली, झालं. इथले डोंगर सोललेले, झाड नाही की झुडूप नाही, माणूस मैलावरून दिसतो. पाहुण्यांना त्याचंच कौतुक. मी दोन तास कळ काढली. फाट्यावर सात जण पुढे गेले, मग कोणीच येईना. खाली उतारावर मोठे खडक होते, बरेच लांब. मी गेले. हेल्मेट आरशावर अडकवून गेले, म्हणजे लांबून कोणाला वाटेल की इथे माणूस आहे. बघ, तेव्हाही डोकं चालत होतं, फक्त भलत्या दिशेला.

खडकामागे असताना इंजिनाचा आवाज ऐकला.

परत आले, हातमोजे घातले, आणि तू आलास. कोणाची तरी पिशवी रस्त्यात पडली होती, ती उचलायला थांबल्यामुळे तुझ्यात आणि काकांच्यात अंतर पडलं होतं. तू काच वर करून विचारलंस, "काका गेले ना पुढे?" आणि मी "हो" म्हटलं.

मी त्यांना पाहिलं नव्हतं, दादा. आवाज ऐकला होता. "पाहिलं नाही" म्हटलं असतं तर "मग कुठे होतीस?" असं तू विचारलं असतंस, आणि मागच्या रस्त्याने दोन मजूर तेवढ्यात येऊन उभे राहिले होते, त्यांच्यासमोर मला ते सांगायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी माणूस तीन तास गाडीखाली पडून राहिला.

पण ते खोटं होतं का? हेच मला सुटत नाही. कोणीतरी गेलं होतं हे खरं होतं. काकाच उरले होते हेही खरं. आता आठवते तेव्हा तो आवाज खाली पुलाकडे उतरत गेल्यासारखा वाटतो. तेव्हा वाटला होता का? कधी वाटतं, हो, मला कळलं होतं आणि मी ते झटकून टाकलं. कधी वाटतं, आवाज कुठे गेला ते खडकामागे कोणालाच कळलं नसतं. मी रोज तो आवाज इतक्यांदा आठवला आहे की आता तो माझाच बनवलेला झाला आहे.

आणि तुला कधी कळलं? मुक्कामावर एक डोकं कमी निघालं तेव्हा तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस. मग उस्तादांकडे गेलास आणि म्हणालास, "मी म्हाताऱ्याला ओलांडून आलो. फोटो काढायला थांबले असतील, लक्षच नव्हतं. हिला मीच उठवलं." इतकं नीट सांगितलंस की क्षणभर मलाच खरं वाटलं.

आज सकाळी चहा झाल्यावर मी उस्तादांना सगळं सांगितलं. खडकाचंही आणि "हो"चंही. ते टायरमधली हवा बघत होते, बघतच राहिले.

"मला ठाऊक आहे," म्हणाले.

"त्याने सांगितलं?"

"तो कशाला सांगतो! बारा वर्षं माझ्या मागे चालतोय. माणूस ओलांडून पुढे येणारा आहे का तो?"

"मग त्याला परत का पाठवलंत? मला का नाही विचारलंत?"

"तो माझ्यासमोर उभा राहून माझी चूक म्हणाला. भरल्या मुक्कामात त्याला खोटा पाडू? आणि तुला विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

मी काय सांगितलं असतं? ते खरंच मला माहीत नाही.

"मग मला शेपूट कशाला केलंत? शिक्षा म्हणून?"

"शिक्षा कसली? दुसरं होतं कोण? साडू?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मग त्यांनी जे सांगितलं ते तुला कळायला हवं. म्हणाले, "पान बदललंस तर तुझी जागा गेली, हे धरून चाल. पण तोही सुटेलच असं नाही. खांब सोडला त्यापेक्षा खोटी नोंद करवली, याचा ऑफिसला जास्त राग येतो. माझं नावही त्यात आहेच, मीच ती नोंद सांगितली. वही तुझ्याकडे आहे. बघ."

म्हणजे गप्प बसले तर तू जातोस. बोलले तर मी जाते, आणि कदाचित तूही. तू असतास तर म्हणाला असतास, मग बोलायचं कशाला? मला याचं चांगलं उत्तर देता येत नाही. घरात शाळेची पायरी चढलेली पहिली मी, म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला लिहायला लावलं. वीजबिलाचा अर्ज, आजोबांच्या दवाखान्याचा फॉर्म, चिमणीचा जन्मदाखला, सगळं माझ्या हातचं. मी लिहिलं म्हणजे ते तसंच असणार, असं आई शेजारणींना सांगते.

मला तुझा रागही आला आहे, दादा. तोही सांगून टाकते. तू मला विचारलं नाहीस. एकदा बाजूला नेऊन "काय झालं गं?" असं म्हणाला असतास तर मी सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं. तू माझ्या वाटची चूक उचलून चालू लागलास, जसा मी लहान असताना दप्तर उचलायचास. दप्तराचं मला कधी काही वाटलं नाही. हे उचलल्यावर मात्र मी मोकळी झाले नाही, मागेच राहिले.

दुपारी नवीन पान लिहिलं. जुनं फाडलं नाही, तसंच ठेवलं. नव्यात लिहिलं की फाट्यावर मी नव्हते, शेपटाने मला विचारलं, मी न पाहता हो म्हटलं, त्यावर विश्वास ठेवून तो पुढे आला, आणि नंतर बहिणीसाठी त्याने चूक स्वतःवर घेतली. खाली "कारण" असा रकाना असतो. तिथे पेन बराच वेळ धरून बसले. "अपरिहार्य" हा शब्द सुचला, चांगला शब्द आहे, पण तो लपवण्यासाठीच असतो. शेवटी लिहिलं : "लघवीला गेले होते. आडोसा लांब होता." उस्तादांनी वाचलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रकाना लहान पडला तुला." आणि खाली सही केली.

रस्ता उघडायची खात्री नाही, म्हणून वही याच ट्रकने आधी खाली पाठवायची असं ठरलं. ऑफिसची पिशवी ड्रायव्हरच्या सीटमागे आहे, हे पत्र तिच्यातच घालते आहे. तुझ्या हाती पत्र पडेल तोवर ऑफिसात पान उघडलं गेलेलं असेल. तुला आधी विचारायला हवं होतं. तू मला विचारलं नव्हतंस, म्हणून मीही विचारलं नाही, असं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि तुझं "नको" मी आजवर मोडलेलं नाही.

ट्रकवाला हॉर्न वाजवतो आहे. साडूंपैकी थोरले ओरडताहेत, "ताई, तो थांबणार नाही!" आणि धाकटे त्यांच्यावर ओरडताहेत, "लिहू द्या की तिला!" कालपासून पहिल्यांदा एकमेकांशी बोलले.

तुझ्यावरची चूक मी काढून घेतली, की तू मला दिलेली एकुलती एक गोष्ट तोंडावर फेकली, ते मला खरंच कळत नाही. तुला कळलं तर मला सांग. रागावून सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
जिच्यासाठी तू खोटं बोललास ती बहीण