बशीत हलणारा स्नायू

जळगाव जामोद,
७ मार्च १९७९

प्रिय वत्सला,

सुखरूप पोचलो. एसटीत जागा मिळाली, पण बसवत कुठं होतं! मलकापूरपासून शेजारच्या माणसाला सांगत आलो, की माझ्या पोरीनं काचेच्या बशीत स्नायू वाढवलाय आणि तो आपोआप हलतो. बिचारा नांदुऱ्यालाच उतरला. त्याला पुढं जायचं होतं, अशी मला दाट शंका आहे.

प्रयोग अर्धवट टाकून पाडव्याला लग्नासाठी घरी चल, हे सांगायला मी मुंबईला आलो होतो. आणि तू रविवारीसुद्धा मला प्रयोगशाळेत नेलंस. म्हणे क जीवनसत्त्व एका दिवसात निकामी होतं, रोज ताजं घालावं लागतं. मी चिडलोच. "हे का लेकरू हाये, रोज दूध पाजाले?" असंही बोललो. मग तू मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलास. अंड्यातल्या पिल्लाच्या त्या पेशी, एकमेकींत मिसळून लांबलचक झालेल्या, आणि त्यातली एक टुणकन आखडली! केवढ्यानं ओरडलो मी! कोंबडीच्या नावानं नाक मुरडणारा माणूस, पण जागचा हलेना.

दुसऱ्या बशीत क जीवनसत्त्व नव्हतं. तिथल्या पेशीही आखडत होत्या, पण त्यांना धरून ठेवणारे कोलॅजेनचे धागे कच्चे, म्हणून स्वतःच्याच ओढीनं काचेवरून सुटत होत्या. मला ते बघवेना. पिशवीतलं आपल्या बागेतलं संत्रं काढून मी त्यात पिळायलाच निघालो, तशी तू माझा हात धरलास आणि हसत सुटलीस. मला इतका आनंद झाला, पोरी! लग्न ठरल्यापासून तू हसलेली मी पाहिलीच नव्हती.

म्हणून काल बुलढाण्याला तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांकडे, उत्तमराव वकिलांकडे जाऊन आलो. म्हटलं, पोरीचं काम अजून दोन वर्षं चालेल, तोवर थांबा, आणि नंतरही ती ते सोडणार नाही. ते म्हणाले, "काऊन थांबाचं? आमच्या पोराले बायको पायजे, बशा नाई पायजे." मी त्यांच्याच चहाच्या बश्या टेबलावर मांडून सगळं समजावून सांगितलं. चहा गार झाला, वकीलसाहेब गरम झाले, आणि त्यांनी लग्न मोडलं. तुझी आई माझ्याशी बोलत नाही, तिला मी बघतो. आता पाडव्यासाठी मी तुला न्यायला येणार नाही. ट्रंक भरली असशील तर रिकामी कर.

तुझाच,
बाबा