‘त्याज्य’ नावाचा फोल्डर

आप्पा, तुमच्या कॅसेटी अखेर कॉम्प्युटरमध्ये गेल्या. आई रहाटावर सुताच्या कांड्या भरताना गायची आणि तुम्ही विणता विणता हात लांब करून टेपचं बटण दाबायचा, त्याच बेचाळीस कॅसेटी. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली; इतका उशीर का, ते विचारू नका. संस्कृतच्या मास्तराला नुसतं वर्गीकरण ठरवायलाच दहा वर्षं लागतात.

तुमची पद्धत मला ठाऊक होती. त्या वेळी मागावर जी साडी असेल, तिचा धागा कॅसेटच्या डबीला बांधायचा. डाळिंबी, मोरपंखी, हळदी. वर नाव नाही, तारीख नाही. हे काही शास्त्र नव्हे, असं ठरवून मी माझे फोल्डर केले: भक्ती, विवाह, पाळणे, श्रम. कशातच न बसणाऱ्या गाण्यांसाठी ‘संकीर्ण’. सगळ्यांत जास्त गाणी तिथंच गेली. दोष शास्त्राचा की आईचा, याचा निर्णय व्हायचा आहे. मग गाण्यांमागची खटखट एका सॉफ्टवेअरनं पुसून काढली. आईचा गळा इतका स्वच्छ ऐकू आला की मला माझाच अभिमान वाटला. खटखटीसकटच्या मूळ प्रती एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि त्याला नाव दिलं ‘त्याज्य’. सवडीनं पुसून टाकायच्या, एवढंच बाकी होतं.

आईला आता नीट दिसत नाही. शहापुरातल्या त्याच घरात, माग काढून टाकलेल्या खोलीत ती बसून असते. गेलं वर्षभर तिनं साधं गुणगुणलेलंही नाही. माझा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी. परवाच्या रविवारी तिच्या मांडीवर स्पीकर ठेवला आणि एक पाळणा लावला.

“कोण बाई ही?”

“अगं, तूच.”

“मी व्हय? बरी गातीया की.” मग म्हणाली, “पर आप्पांचा माग कुठं गेला रं?”

“तो काढला मी. लई गोंगाट होता.”

“गोंगाट? लई शाणा हाईस. त्या मानसाचा तेवढाच तर आवाज हाय त्यात.”

खरंच की, आप्पा. बेचाळीस कॅसेटींत तुम्ही एक शब्द बोललेला नाही. जे काही तुम्ही आहात ते त्या खटखटीत, आणि ती मी यथाशास्त्र त्याज्य ठरवून बसलो होतो.

मी मूळ प्रत लावली. माग सुरू झाला तसा आईचा उजवा हात हवेतच रहाट फिरवू लागला. दुसऱ्या कडव्याला ती गायला लागली, फाटक्या आवाजात, अर्धी ओळ मागे राहून. मध्येच टेपमधला माग थांबला. तीही थांबली. “दोरा तुटला,” म्हणाली. “आता गाठ मारतील, थांब.” माग पुन्हा सुरू झाला, मग तीही.

आता फोल्डर नव्यानं लावतोय: डाळिंबी, मोरपंखी, हळदी. मी धाग्याचा रंग सांगतो, ती गाणं सांगते. अजून तरी चुकलेली नाही. ‘संकीर्ण’ रिकामा झालाय, तेव्हा हे पत्र तिथं ठेवतो. दुसरीकडे कुठं पाठवणार?

एक सांगायचं राहिलंय. मॅट्रिकच्या वर्षी मी गोंगाटाची तक्रार केली, तर तुम्ही महिनाभर संध्याकाळचा माग बंद ठेवलात आणि पहाटे उठून ते काम भरून काढलंत. “कर बाबा तुझं रामः रामौ,” एवढंच म्हणालात. त्या शांततेत मला एक रूप पाठ झालं नाही, आप्पा. आधीची सगळी तुमच्या खटखटीवर घोकलेली होती. मी दार लावून पाटावर बोटांनी तोच ठेका धरून बसायचो. माग सुरू करा, एवढं म्हणायला मात्र माझी जीभ रेटली नाही.