न वाचलेल्या चारशे बारा आकड्यांबाबत

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी पडद्याच्या कापडाच्या गिरणीत नक्षीचे प्रोग्राम लिहिण्याचा व आता कॉम्प्युटरकडून चित्रे काढून घेण्याचा, राहणार ह्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. फुप्फुसांबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी वर्षभराचा अंदाज दिला, तोही जपूनच. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते, ते नाही. यापूर्वी मी असा दस्त केलेला नाही.

वकिलांनी मला एका पानाचा मसुदा दिला होता. "बाई, ह्यात फक्त नावं आणि वस्तू भरा," म्हणाले. मी भरायला बसले आणि त्याचे हे असे झाले. त्यांनी वाचून चष्मा काढला. "कायद्याला ह्यातलं निम्मं नकोय." मी म्हटले, "मला उरलेलं निम्मं नकोय." तेव्हा सगळेच राहू द्यायचे ठरले.

कलम १. राहते घर. दोन खोल्या, मोरी, पुढचा अरुंद सज्जा. हे घर माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावे. बहिणीलाच दिले तर ती घेणार नाही, तिचा स्वभाव मी ओळखून आहे. तो माझ्यासारखाच आहे. भाचीला मी शेवटचे पाहिले तेव्हा ती बारा वर्षांची होती, आता तेवीस पूर्ण झाली असेल. तिला सांगावे की मोरीतला नळ पूर्ण बंद केला तर गळतो, थोडा मागे फिरवला तर गळत नाही. पुढच्या खोलीची खिडकी लागत नाही. तिच्याशी भांडू नये, मी भांडून पाहिले आहे.

कलम २. बँकेतली ठेव. माझे शेवटचे सोपस्कार आणि वकिलांची फी जाऊन जे उरेल तेही भाचीचे.

कलम ३. यंत्र. पुढच्या खोलीत टेबलभर पसरलेले, कागदावर पेन फिरवून रेघा काढणारे जे यंत्र आहे, ते गिरणीने भंगारात काढले त्याच आठवड्यात मलाही निवृत्त केले. आम्ही दोघे एकाच टेम्पोतून घरी आलो. त्याचे ‘लांबहात्या’ हे नाव भाचीने ठेवले. हे यंत्र तळमजल्यावरच्या चष्मेवाल्यांना द्यावे. गेली अकरा वर्षे त्याचे बारीक स्क्रू तेच आपल्या चष्म्याच्या पेचकसाने आवळून देतात आणि पैसे घेत नाहीत.

चष्मेवाले बोलायला कंजूष. लांबहात्याचा करकर आवाज त्यांच्या दुकानात ऐकू जातो. मागच्या थंडीत मी तीन दिवस तापाने पडून होते, यंत्र बंद होते. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "आवाज थांबला, म्हणून आलो." एवढेच. औषध आणून दिले आणि गेले. माझे असणे-नसणे ज्याला ऐकू येते असा ह्या रस्त्यावर तो एकच माणूस आहे, हे मला त्या दिवशी कळले आणि ते गेल्यावर मी रडले.

कलम ४. कोरे कागद. कपाटावर जाड कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे आहेत. ते समोरच्या इमारतीतल्या चित्रकलेच्या मास्तरांना द्यावेत. माझ्या पहिल्या प्रदर्शनात चार माणसांदेखत त्यांनी विचारले होते, "काढलं कोणी? तुम्ही की बटणाने?" मास्तर नेहमीच नाकाने कांदे सोलत आले आहेत. तरी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर इथे देऊन ठेवते, म्हणजे कोणाची थकबाकी राहायला नको.

चित्र मी काढत नाही. मी नियम लिहिते: रेघ कुठे सुरू व्हावी, किती वाकावी, शेजारच्या रेघेपासून किती लांब राहावी. आणि एक जागा मोकळी सोडते. त्या जागी आकडे येऊन बसतात आणि रेघ कुठे जायचे ते त्यांच्यावरून ठरवते. तेच आकडे दिले तर तेच चित्र, एक आकडा बदलला तर दुसरे. गिरणीत मी सव्वीस वर्षे उलटे काम केले. तिथे एकच नक्षी शंभर वार चालवायची आणि ती पुन्हा कुठे सुरू झाली ते गिऱ्हाइकाला दिसू द्यायचे नाही, हे माझे कौशल्य. निवृत्त झाल्यावर मला पुन्हा न येणारी रेघ हवी होती. मास्तर, बटण मीच दाबते, पण मला काय दिसणार आहे ते मलाही ठाऊक नसते. तुम्हाला असते का, हे मला विचारायचे राहून गेले.

कलम ५. प्रोग्राम. सहाव्या कलमातला सोडून माझे सगळे प्रोग्राम ज्याला हवेत त्याने घ्यावेत. माझे नाव लावण्याची गरज नाही.

कलम ६. ‘आईचे शेवटचे श्वास’ ह्या नावाने विकलेल्या चित्राबाबत. हे कलम लिहायलाच मी हा सगळा घाट घातला आहे. बाकीची कलमे चारचौघांसारखी आहेत.

आई शेवटी धाकटीकडे होती. डॉक्टरांनी सांगितले होते की दर तासाला एक मिनिट श्वास मोजायचे आणि लिहून ठेवायचे. धाकटीने ते लिहिले, एका अरुंद वहीत: तारीख, वेळ, आकडा. एकोणीस दिवसांचे चारशे छप्पन्न तास होतात. वहीत चारशे बारा आकडे आहेत. मधले चव्वेचाळीस तास ती झोपली असावी. त्या एकोणीस दिवसांत मी दोनदा गेले. गिरणीत नवे यंत्र बसत होते आणि माझ्यावाचून ते अडेल अशी माझी समजूत होती. काही अडले नसते.

आई गेल्यावर आम्ही तिच्या वस्तू वाटून घेतल्या. वही टेबलाच्या खणात होती. धाकटी चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात मी ती पिशवीत घातली. विचारले असते तर तिने दिली नसती, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे विचारायचे माझ्या मनातही आले नाही.

वर्षभराने माझे पहिले प्रदर्शन ठरले. प्रदर्शनवाला म्हणाला, "चित्रं छान आहेत, पण लोक गोष्ट विकत घेतात. काही गोष्ट आहे का तुमच्याकडे?" माझ्याकडे वही होती. चारशे बारा आकडे मी एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घातले आणि नियम लिहिला: एका नोंदीची एक रेघ, श्वास जास्त तर रेघा दाट, कमी तर विरळ. लांबहात्याने दोन दिवस निळी शाई फिरवली. माणसाच्या उंचीचे चित्र झाले. खाली पाटी लागली.

धाकटी पहिल्याच दिवशी एकटी आली. पाटी वाचून तिने मला हाक मारली नाही. चित्राला नाक लावून ती वरून खाली बघत गेली. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"हे माझ्या वहीतले आकडे आहेत," ती म्हणाली.

"हो."

"शुक्रवारची दुपार कुठंय?"

वहीत त्या शुक्रवारी दुपारी तीनला बेचाळीस हा आकडा आहे. आधी-नंतर सगळे विशीतले. त्या तासाला काय झाले ते धाकटीलाच ठाऊक, मी तिथे नव्हते. चित्रात खालच्या बाजूला एक दाट निळा पट्टा होता. मी बोट ठेवून सांगितले, "ही बघ."

ती त्या पट्ट्याकडे बघत राहिली आणि मग हुंदके देऊन रडली, सगळ्यांसमोर. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने तो झटकला.

"मोजले मी, ताई. तू दोनदा आलीस. दोनदा! लांबून उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि भिंतीवर नाव तुझं. विचारलंस तरी का मला?"

मी म्हटले, "चित्रासाठी विचारायचं काय? आई माझीही होती." हे वाक्य मी परत घेऊ इच्छिते. कायद्यात तशी तरतूद नाही असे वकील म्हणतात. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही, आणि त्याला अकरा वर्षे झाली.

एवढेच असते तर मी माफी मागून मोकळी झाले असते. चार वर्षांनी मी नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुने प्रोग्राम त्यावर चालतात का ते बघत होते. आईचा प्रोग्राम चालवला. आकडे अजून जुन्या कॉम्प्युटरमध्येच होते, तेव्हा त्याने अडायला हवे होते. तो अडला नाही. लांबहात्याने निमूटपणे तेच चित्र काढायला घेतले, रेघ न रेघ, तो निळा पट्टासुद्धा.

मग मी माझेच लिखाण ओळीओळीने वाचले. कच्च्या चाचण्यांच्या वेळी प्रोग्राम सारखा अडू नये म्हणून मी त्यात एक सोय केली होती: आकडे सापडले नाहीत तर तक्रार न करता मी मनाने भरून ठेवलेले आकडे घे, दर वेळी तेच, आणि पुढे जा. सोय काढायची राहिली. पहिल्या वेळीही, जुन्या कॉम्प्युटरमध्ये, खरे आकडे शेजारच्याच कप्प्यात होते आणि प्रोग्राम ते भलतीकडे शोधत होता. काखेत कळसा म्हणतात तसे. प्रोग्रामने वही कधीच वाचली नव्हती. ज्या चित्राला ‘आईचे शेवटचे श्वास’ अशी पाटी होती, त्यात आईचा एकही श्वास नव्हता.

धाकटी ज्याच्यासमोर रडली तो शुक्रवार नव्हता. तो काहीच नव्हता. आणि बोट ठेवून मीच तिला तो दाखवला.

हे मी तिला सांगितले नाही, सात वर्षे मूग गिळून बसले. आता ऐकून ती दुप्पट दुखावेल, असे कारण मी मनाशी धरले होते. खरे कारण गर्व. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिने माझ्यावर चोरीचा आळ घेतला होता तो खरा होता, आणि चोरून आणलेले मला वापरताही आले नव्हते, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ते चित्र एका दातांच्या डॉक्टरांनी घेतले. त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकासमोर ते लागलेले आहे. दोनदा मी धडधाकट दाढा दाखवायला जाऊन त्याच्यासमोर बसून आले. शेजारची बाई म्हणाली, "ह्याच्याकडे बघितलं की दुखणं विसरायला होतं." माझ्यामागे वकिलांनी डॉक्टरांना कळवून खालची पाटी तेवढी काढून घ्यावी. चित्र राहू द्यावे, त्याचा काही दोष नाही.

कलम ७. वही आणि दुरुस्त प्रोग्राम. वही धाकटीची आहे. जे तिचे आहे ते मी मृत्युपत्राने तिला देऊ शकत नाही, परत करू शकते. ती माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, कापडात गुंडाळून ठेवली आहे. सोबत एक डिस्क आहे. तिच्यात तोच प्रोग्राम दुरुस्त करून ठेवला आहे: आता तो खरे आकडे वाचतो, आणि ते मिळाले नाहीत तर थांबतो. तो मी एकदाही चालवलेला नाही. बोट कितीदा बटणापर्यंत गेले ते सांगत बसत नाही. आता तिला विचारल्याशिवाय नाही.

धाकटीला वाटले तर तिने चष्मेवाल्यांकडे जाऊन तो चालवून घ्यावा. कोणते बटण ते त्यांना शिकवले आहे. मग खरा शुक्रवार तिला दिसेल, एकच रेघ, पण खरी. नको वाटले तर डिस्क मोडून टाकावी. दुसरी प्रत नाही.

कलम ८. दवाखान्यातला रकाना. गेल्या महिन्यात मला चार दिवस दवाखान्यात ठेवले होते. अर्ज भरणारी मुलगी म्हणाली, "आजी, जवळचं नातेवाईक कोण? इथं नाव लिहा. रात्री-अपरात्री काही झालं तर आम्ही त्यांना फोन करतो." मी पेन्सिलीने धाकटीचे नाव लिहिले.

"पेन्सिलीनं चालत नाही. आणि त्यांना माहीत आहे ना?"

मी नाव खोडले. अर्ज अजून तसाच आहे, तो रकाना रिकामा. मुलगी दर भेटीला आठवण करते.

वकील म्हणतात, हे कलम निरर्थक आहे. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, आणि हा रकाना जिवंत माणसासाठी असतो. बरोबर आहे. म्हणूनच सहाव्या, सातव्या आणि ह्या कलमाची नक्कल आज सही होताच त्यांचा कारकून धाकटीच्या घरी हातोहात नेऊन देणार आहे. पत्ता त्यांनी शोधून काढला आहे. ती इथून तीन बस-थांब्यांवर राहते.

तिने माफ करावे असे मी कुठेही लिहिलेले नाही. वेळ आली तर येऊन श्वास मोजावेत असेही नाही. तिने ते एकदा पुष्कळ केले आहे. नुसते शेजारी बसले तरी पुरे. नाही जमले तर नाही म्हणावे, मी तो रकाना रिकामा ठेवीन आणि घर भाचीचेच राहील. मला फक्त एकदा रीतसर विचारायचे आहे, ते विचारते.

धाकटे, तिथे तुझं नाव लिहू का?

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन साक्षीदारांसमक्ष सही केली. ज्यांना माझ्याकडून काही मिळणार नाही आणि जे मला ओळखतात असे दोघे शोधायला चार दिवस लागले.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: दातांचे डॉक्टर (मजकूर न वाचता, फक्त सही होताना पाहून)

साक्षीदार दुसरे: वकिलांचे कारकून (बूट घालून, निघण्याच्या तयारीत)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली

दिनांक: ६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार, सकाळी अकरा